मिनिकॉयला निघालेली फळी

मित्रांनो, त्या सकाळी नया बाजारातल्या आमच्या गच्चीवर काय काय होते, ते आधी नीट सांगते. तुपाचे रिकामे डबे दोन, दोन्हींची तोंडे कथलाचा डाक लावून बंद केलेली. बांबू तीन, त्यांतला एक चिरलेला. जांभळ्या काठाचे जुने नऊवारी लुगडे एक. सुताच्या दोरीची वेटोळी दोन. लोखंडी पट्ट्या चार. उन्हात टाकलेल्या गाद्या दोन. खडूने काढलेले बेट एक. माणसे चार. आणि एक जुनी सागवानी फळी, लांबी आठ फूट, रुंदी दोन फूट, जाडी दीड इंच. ती फळी म्हणजे मी.

बेट गच्चीच्या अर्ध्या भागावर पसरले होते. त्याचा आकार द्वितीयेच्या चंद्रासारखा होता. चंद्राच्या पोटात निळ्या खडूने पाणी भरले होते आणि त्या निळ्या पाण्याच्या मध्यावर मला ठेवले होते. उताणी पडून मी आकाशाकडे पाहत होते. ऊन कोवळे होते. आपण खरेच तरंगतो आहोत, असे मला घटकाभर वाटले.

पण तिथवर मी कशी आले, ते आधी सांगायला हवे.

माझ्या झाडाबद्दल मला फारसे आठवत नाही. उंची आठवते आणि वारा आठवतो. उन्हाळ्यात सगळी पाने गळून गेली की वारा फांद्यांमधून सरळ निघून जाई, कुठेही अडत नसे. पुढे करवत आली. दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवून सुताराने मला जोडले. जोड इतका चांगला बसला की आजही तिथे नख जात नाही. मग मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आणले आणि दरबारच्या पाटबंधारे कचेरीच्या दारावर चार खिळ्यांनी ठोकले.

त्या कचेरीत लक्ष्मीकांतराव नावाचे एक तरुण नकाशानवीस होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढणे हे त्यांचे काम. त्यांचे घराणे चार पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून आले होते आणि दरबारात कारकुनी करत होते. अक्षर ही त्या घरातली वडिलोपार्जित गोष्ट होती. म्हणून माझ्यावर नाव लिहायचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी आधी बारीक पेन्सिलीने माझ्या अंगावर रेघा आखल्या, मग पांढरा रंग दिला, मग काळ्या रंगाने लिहिले: ‘ग्वालियर गव्हर्नमेंट, महकमा आबपाशी’. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. पायरी उतरून ते रस्त्यापलीकडे गेले, तिथून माझ्याकडे पाहिले, परत आले आणि एका अक्षराचा काना किंचित जाड केला.

मित्रांनो, आमच्या कचेरीत एक रिवाज होता. दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. दुर्बिणी, साखळ्या, पट्ट्या, सगळे पुसून मांडले जाई. पाटी हेही कचेरीचे हत्यारच, असे लक्ष्मीकांतरावांचे म्हणणे. म्हणून दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते मला उतरवत, दोन्ही बाजूंनी नवा पांढरा हात देत आणि अक्षरे पुन्हा लिहीत. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घालून मी पुन्हा दारावर असे. येणारे-जाणारे म्हणत, “वा, पाटी कशी नवीकोरी!” मला ते ऐकायला आवडे.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि संस्थाने विलीन झाली. एका सकाळी आम्ही ग्वाल्हेर राज्य नव्हतो, मध्यभारत होतो. त्या वर्षीच्या दसऱ्याला लक्ष्मीकांतराव बराच वेळ हातात ब्रश घेऊन उभे राहिले. मग त्यांनी जुन्या नावावर पांढरा हात फिरवला आणि लिहिले: ‘मध्यभारत शासन, सिंचाई विभाग’. अक्षराचे वळण तेच होते. त्यानंतर उन्हाळ्याची राजधानी इंदूर आणि थंडीची ग्वाल्हेर ठरली, तशा कचेरीतल्या फायली उन्हाळ्यात इंदूरला जाऊ लागल्या आणि थंडीत परत येऊ लागल्या. मी मात्र दारावरच राहिले. कोणीतरी दार सांभाळायला हवेच.

आणि मग छप्पन्न साल आले. राज्यांची पुन्हा मांडणी होणार, मध्यभारत जाणार, मोठा मध्यप्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला, हे सगळ्यांना ठाऊक झाले. त्या दसऱ्याला कोणी ब्रश आणला नाही. झेंडूची माळ तेवढी आली, तीही छोटी. दिवाळीच्या तोंडावर एक पत्र्याची पाटी आली, छापील अक्षरांची. ती माझ्या जागी चढली. मला ओसरीत भिंतीकडे तोंड करून उभे केले.

मित्रांनो, भिंतीकडे तोंड करून उभे राहिल्यावर दिवस लांब होतात. मी वास ओळखायला शिकले. आत फायली बांधत होते, त्यांचा धुळकट वास येई. लाखेचा वास येई. एके दिवशी ओळखीचा वास आला, शाईचा आणि तपकिरीचा. लक्ष्मीकांतराव माझ्यामागे उभे होते.

“दौलतसिंह,” ते म्हणाले, “इसे मेरे घर छोड़ देना।”

दौलतसिंह खात्याचा ट्रक चालवत. ते म्हणाले, “साहब, भोपाल ले जाओगे क्या इसे भी? वहाँ तो आप ही के बैठने की जगह नहीं है, सुना।”

“सुनते बहुत हो तुम। उठाओ।”

अशी मी नया बाजारात आले.

घरात लक्ष्मीकांतरावांना सगळे नाना म्हणत. त्यांची पत्नी शामला, त्यांना आई म्हणत. आणि त्यांची मुलगी राजलक्ष्मी. ती विसाव्या वर्षी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. तिला राजू म्हणत. दिवाळीसाठी आईचे धाकटे भाऊ माधवराव आले होते. माधवमामांची नोकरी वेधशाळेची होती आणि त्यांची नेमणूक अरबी समुद्रात, मिनिकॉय नावाच्या बेटावर होती. रोज फुगा सोडायचा, तो कुठे वाहत जातो ते पाहायचे आणि त्यावरून वरच्या वाऱ्याची दिशा व वेग काढायचा, हे त्यांचे काम.

मला गच्चीवर आणून टेकवले तेव्हा मामा त्या बेटाबद्दलच बोलत होते. बोलताना ते हळू बोलत, जणू पाणी ढवळू नये म्हणून.

“एका बाजूला जमीन, नारळाची नुसती एक पट्टी. दुसऱ्या बाजूला पोवळ्यांची भिंत, पाण्याखाली. समुद्राच्या लाटा तिथेच फुटतात, आत येत नाहीत. आतलं पाणी कमरेएवढं, फार तर गळ्याएवढं. इतकं स्वच्छ की नावेची सावली तळाच्या वाळूवर दिसते. नाव पुढे, सावली खाली, दोघी बरोबर चालतात.”

“आणि वारा?” राजूने विचारले.

“थंडीत उत्तरेकडून, ईशान्येकडून. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा. इथल्या लू-सारखा पिसाळलेला नाही.”

राजू कठड्यापाशी गेली. मग म्हणाली, “मामा, मागच्या उन्हाळ्यात आईचं लुगडं वाळत होतं. बांबूसकट उडालं. मी पकडायला गेले, तर मलाच घेऊन निघालं. गच्ची नुकतीच धुतली होती. मी उभ्या उभ्या घसरत गेले. अशी. वारा पाठीमागून होता. मग मी बांबू जरा तिरपा केला, तर मी वळले.”

“वळलीस?”

“बिल्कुल वळले. तेव्हापासून माझ्या डोक्यात चक्कर चालू आहे. शीड नावेला पक्कं बांधायचंच कशाला? हातात धरायचं. खाली फक्त एक फळी हवी.”

आणि मित्रांनो, ती वळली आणि तिची नजर माझ्यावर पडली. माझ्याकडे लोक वाचायला बघत आले होते. न वाचता कोणी इतका वेळ पाहिले, ते पहिल्यांदा. ती जवळ आली, वितीने मला मोजले, मग पट्टी आणून पुन्हा मोजले.

त्या दिवसापासून बेत सुरू झाला. रोज सकाळी चहाचे कप हातात घेऊन सगळे गच्चीवर येत. राजूने मामांना विचारून खडूने बेट काढले आणि वाऱ्याचे बाण काढले. मामांची सुट्टी संपत आली होती. ते तिला आपल्याबरोबर न्यायला तयार होते. परवानगी आपण काढू, म्हणाले. आगगाडीने मद्रास, तिथून कालिकत, तिथून जहाज. फळी सामानाच्या डब्यात टाकता येईल, तिच्याखाली बांधायचे तुपाचे रिकामे डबे तिथेच मिळतील. महिनाभर राहायचे आणि पहिल्या जहाजाने परत. राहायला वेधशाळेचे घर होते. उन्हाळ्यात मामांची बदली होणार होती. नंतर त्या बेटावर आपले असे कोणी राहणार नव्हते. म्हणून जायचे ते याच थंडीत, नाहीतर नाही.

“तिकडे खायला काय मिळतं रे माधव?” आई विचारत.

“नारळ, मासे आणि भात.”

“म्हणजे भात.” आईंनी मेतकुटाचा डबा भरायला घेतला. नानांचा होकार यायच्या आधीच तो भरला गेला होता, हे मी पाहिले.

मी स्वतः त्या दिवसांत अर्धी झोपेत असे. राजू माझ्यावर उभी राही, लुगड्याचे दोन कोपरे आडव्या बांबूला बांधलेले, उभा बांबू माझ्या मध्यावर नव्याने पाडलेल्या भोकाशी दोरीच्या फासाने सैल अडकवलेला, म्हणजे तो कुठेही कलावा. गच्चीवर वारा आला की लुगडे फुगे आणि बांबू कुरकुरे. डोळे मिटले, म्हणजे आम्हा लाकडांना जे काही मिटता येते ते मिटले, की मला खाली वाळू दिसे. वाळूवर माझी सावली, आणि सावलीतून मासे जात असत. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. ग्वाल्हेरात कोणी पाहिला होता? पण ज्या झाडाने वारा पाहिला आहे, त्याला उरलेले कल्पनेने जमते.

नानांना मात्र हे सगळे पोरखेळ वाटत होते. एका सकाळी ते वर आले.

“हे काय आहे?”

“नाव,” राजू म्हणाली.

“नावेत बसायचं असतं.”

“हिच्यावर उभं राहायचं असतं, नाना.”

“माधवराव,” नाना मामांकडे वळले, “तुम्ही हवा मोजणारे लोक. त्या हवेच्या भरवशावर मी पोरीला समुद्रात सोडू?”

“नाना, तुम्ही बावीस वर्षं तिघऱ्याच्या धरणाचं पाणी मोजलंत,” मामा हसून म्हणाले. “त्यात कधी पाय बुडवलात का?”

“पाण्याचा आब राखावा लागतो. त्याच्याशी मजाक करत नाहीत.” नाना हसले नाहीत. ते खडूच्या बेटाकडे बघत राहिले. “जानेवारीत हिला कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा आहे. आम्ही भोपाळला गेल्यावर ही इथे एकटी राहणार. तेच माझ्या जिवाला लागलंय. त्यात हे.”

“ते जानेवारीच्या अखेरीस रुजू झालं तरी चालतं, मी विचारलंय,” राजू म्हणाली. “आणि मला पोहता येतं.”

“सागरतालाच्या तळ्यात येतं. समुद्रात येतं का, ते कोणाला माहीत?” नानांनी उपरणे खांद्यावर सारखे केले. “बरं. हिशोबाची भाषा तुला कळते ना? तिघऱ्याला जाऊ. तू फळीवर उभी राहा, शीडबीड सगळं घेऊन. फळीचा माथा पाण्याच्या वर राहिला तर जा. खाली गेला तर विषय बंद. पुन्हा काढायचा नाही. ना या वर्षी, ना कधी.”

“कबूल.”

“आधी कागदावर बघ तरी, तरंगते का.”

“तुम्हीच बघा ना, नाना. फळी तुमचीच आहे.”

हे बरोबर वर्मी लागले. नाना खाली बसले. कागद लागलाच नाही, बोटांवर हिशोब सुरू झाला. फळीचे घनफळ दोन घनफूट, सागाचे वजन घनफुटाला चाळीस पौंड, म्हणजे फळी ऐंशी पौंड. डबे दोन, पाच पौंड. राजू अठ्ठ्याण्णव पौंड. बांबू, लुगडे, पट्ट्या, दोऱ्या मिळून तेरा. एकूण एकशे शहाण्णव. आणि फळी व डबे मिळून पाणी सारणार दोनशे पाच पौंड.

“नऊ पौंड शिल्लक,” नाना म्हणाले. त्यांना स्वतःलाच नवल वाटले. “तरंगायला हवी.”

“आपण तिला तोलून घेऊ या का एकदा?” राजूने विचारले.

“तोलून कशाला? ही पाटी मी रंगवली आहे. माझ्या फळीचं वजन मला माहीत नाही?”

तिघऱ्याला आम्हाला दौलतसिंहांनी नेले. ट्रक रिकामा धरणाकडे निघालाच होता. पावसाळ्यानंतरचे धरण काठोकाठ भरलेले होते. समोरचा किनारा धुक्यात दिसत नव्हता आणि मला वाटले, हाच समुद्र. पोटाखाली पट्ट्यांनी डबे बांधलेले, अशी मी पाण्यात उतरले. मित्रांनो, पाण्याचा तो पहिला स्पर्श मी कशाशी तोलू? इतकी वर्षे चार खिळ्यांवर लटकल्यानंतर कोणीतरी सगळीकडून एकदम हात लावून मला धरले होते.

राजू आधी गुडघ्यांवर चढली. मग उभी राहिली. मामांनी तिच्या हातात बांबू दिला. क्षणभर मी टिकले. मग पाणी माझ्या कडेवरून आत आले, गुपचूप, न खळखळता. माझा माथा झाकला गेला. मी खाली जात राहिले आणि ती माझ्यावर उभीच, तोल सांभाळत. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आले आणि मग मी थांबले.

काठावरून दौलतसिंह म्हणाले, “लो साहब, तख़त तो बैठ गया। बिटिया पानी पे चल तो रही है, पर पानी के नीचे से।”

कोणी हसले नाही. नाना म्हणाले, “या बाहेर. थंडी वाजेल.” एवढेच. ते जिंकले होते, पण त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. त्यांचा हिशोब चुकला होता.

परतताना ट्रकमध्ये राजू माझ्यावर बसली होती. ओले लुगडे तिच्या मांडीवर होते. मामा म्हणाले, “जाऊ दे ग राजू. मी तिथून तुला शंख घेऊन येईन.”

“शंख नको मला, मामा.” तिने लुगडे पिळले. “मी पोटऱ्यांपर्यंत गेले. गुडघ्यापर्यंत नाही, घोट्यापर्यंत नाही. माझ्या पायांनी तेवढं पाणी सारलं तेव्हा तोल जमला. ते साधारण आठ पौंड असेल. नऊ शिल्लक हवे होते, आठ कमी पडले. म्हणजे सतरा पौंड कुठून तरी जास्त आलेत. कुठून?”

मला ठाऊक होते. पण मित्रांनो, आमचे बोलणे आमच्या घरच्या माणसांना ऐकू जात नाही. म्हणून तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगते आहे.

लोखंडी पट्टीने घासून माझ्या कडेचा एक टवका उडाला होता. दुसऱ्या सकाळी राजू माझ्याशेजारी बसली आणि त्या टवक्याकडे पाहू लागली. मग खाली जाऊन भिंग घेऊन आली. टवक्याच्या कडेला रंगाचे थर दिसत होते, झाडाच्या वर्तुळांसारखे, एकाखाली एक. तिने सुईच्या टोकाने ते मोजले. बावीस. पांढरा शिशाचा रंग, दर दसऱ्याला एक हात, दोन्ही बाजूंनी.

तिने पाठीच्या कोपऱ्यावर, जिथे अक्षरे नव्हती तिथे, एक फूट लांब-रुंद चौकोन आखला. तेवढाच रंग काचेच्या तुकड्याने खरवडला, पुरचुंडीत बांधला आणि सोनाराकडून तोलून आणला. वीस तोळे. म्हणजे अर्धा पौंड. माझी दोन्ही अंगे आणि कडा मिळून चौतीस चौरस फूट, म्हणजे रंग सतरा पौंड.

संध्याकाळी तिने नानांना ते सांगितले. सांगताना आवाज खाली ठेवला, कारण हिशोब जुळला होता तरी तिला आनंद झाला नव्हता. नानांनी ऐकून घेतले.

“म्हणजे माझा हिशोब बरोबर होता,” ते म्हणाले.

“लाकडाचा बरोबर होता, नाना.”

“हं.”

“रंग काढला तर ती तरंगेल.”

“ते काढायचं नाही.” नाना उठले. “ठरलं होतं ते झालं. विषय बंद.”

तिने रंगाची पुरचुंडी उचलली. जिना उतरून गेली. आई तेवढे म्हणाल्या, “अहो, भोपाळला नेणार आहात का ती पाटी?” नानांनी मला उभे करून कठड्याला टेकवले.

मामांची निघण्याची वेळ जवळ आली. गच्चीवरचे बेट पुसट होत चालले. लोकांच्या पायांनी आधी बाण गेले, मग पाणी गेले, नारळाची पट्टी तेवढी राहिली. मी कठड्याला टेकून उभी होते. खरे सांगू? मलाही ते रंग काढू द्यायचे नव्हते. तेच तर माझे नाव होते. नाव नसलेली फळी म्हणजे जळण. पण चंद्राच्या पोटातले ते निळे पाणीही मला सोडत नव्हते. आठवणीतला वारा आणि त्या बेटावरचा वारा एकच असावा, असे मला वाटू लागले होते.

मग एका दुपारी नाना कचेरीतून लवकर आले. टोपीसुद्धा न काढता ते वर आले. हातात पटाशी आणि काचेचे तुकडे होते. त्यांनी मला दोन गाद्यांवर आडवे ठेवले, नाकावर उपरणे बांधले आणि खरवडायला सुरुवात केली.

आवाज ऐकून राजू धावत आली आणि जिन्यातच थांबली.

“उभी काय राहिलीस? तूही नाक बांध. शिसं आहे यात.” नाना मान वर न करता म्हणाले. “एक तुकडा घे. त्या टोकाकडून ये.”

ती बसली. दोघे दोन टोकांकडून खरवडू लागले. पांढरा भुगा गाद्यांवर साचू लागला.

“कचेरीत आज माझं टेबल बांधलं,” नाना म्हणाले. “त्यावर एक चिठ्ठी चिकटवली, ‘फर्निचर, एक’. दौलतसिंह मला म्हणतो, साहब, आप पे भी चिपका दूँ?”

राजू हसली. मग नानाही हसले, उपरण्याआडून.

“हे बघ, मध्यभारत गेलं.” त्यांनी पापुद्रा फुंकरीने उडवला. “हा अठ्ठेचाळीसचा हात. त्या दिवशी माझी रेघ वाकडी गेली होती. ‘शा’चा काना बघ.”

“दिसतोय.”

“मी पुढच्या वर्षी सुधारला तो. लोकांना वाटलं, पाटी नवीन झाली. ती नवीन नव्हती होत. जाड होत होती.”

खालून जुने नाव वर आले. काळी अक्षरे, बारीक चिरा पडलेली. नाना त्यावर काच ठेवून थांबले. राजूने मागे हात घेतला.

“नाना, सगळे सतरा पौंड काढायची गरज नाही. आठ निघाले तरी बरोबरीत येते. हे खालचे थोडे राहू द्या. पाठ पूर्ण काढू, हे राहू द्या.”

“बरोबरीत म्हणजे काय?”

“म्हणजे... पाण्याच्या रेषेवर.”

“रेषेवर नाही चालणार. मी म्हणालो होतो, वर.” आणि त्यांनी काच दाबली. “हा छत्तीसचा. हा पस्तीसचा. त्या दसऱ्याला तू आठवड्याची होतीस. मी ब्रश तुझ्या मुठीत दिला होता. तू सोडतच नव्हतीस. आई ओरडली, पोरीच्या तोंडात रंग जाईल म्हणून.”

शेवटचा थर निघाला आणि माझे लाकूड उघडे पडले. मित्रांनो, बावीस वर्षांनी माझ्या अंगाला ऊन लागले. थंडीचे दिवस होते, पण मी आतपर्यंत तापले. रंगाखाली मी काळी पडले असेन, असे मला वाटत होते. मी मधाच्या रंगाची होते. आणि त्यावर बारीक पेन्सिलीच्या रेघा होत्या, तेवीस वर्षांच्या एका तरुणाने आखलेल्या, वर एक, खाली एक, अक्षरे वाकडी जाऊ नयेत म्हणून.

नानांनी काच खाली ठेवली. त्यांनी रेघांवरून बोट फिरवले, घासले नाही.

“हे राहू दे,” ते म्हणाले. “पेन्सिलीचं वजन किती धरशील?”

“शून्य धरते, नाना.”

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी फळी असेल, दाराची, पाटाची, देव्हाऱ्याची. तिला जपा. पण जपायचे म्हणून दर वर्षी तिच्यावर काही चढवत राहू नका. कधीतरी तिला उन्हात आडवी ठेवा आणि हाताने चाचपून बघा, खाली लाकूड अजून कसे आहे. आमच्यात पाणी ओळखायची ताकद फार वर्षे टिकते. आम्हाला फक्त त्यात कोणीतरी सोडावे लागते.

आम्ही पुन्हा तिघऱ्याला गेलो. या वेळी आईही आल्या, शालीत गुरफटून, हातात मेतकुटाचा डबा. दौलतसिंहांनी तो बघितला आणि म्हणाले, “माताजी तो जहाज़ में बैठ ही गईं।” मामांचे सामान ट्रकमध्येच होते. त्यांची गाडी त्याच संध्याकाळची होती.

वारा पडला होता. पाण्यावर एकही सुरकुती नव्हती, आणि धुक्यातून वर आलेले ऊन सगळीकडे सारखे पसरले होते. मला पाण्यात ठेवले. राजू गुडघ्यांवर चढली, मग उभी राहिली. मामांनी बांबू दिला. तिने लुगडे पसरले आणि ते तिच्या हातांमध्ये सैल लोंबत राहिले. मी खाली गेले, थोडी, आणखी थोडी. पाणी माझ्या कडेच्या वरच्या धारेपर्यंत चढले आणि तिथे थरथरत उभे राहिले.

“हलू नकोस,” नाना म्हणाले.

“नाही हलत.”

नानांनी चपला काढल्या. धोतर गुडघ्यांच्या वर खोचले. आणि ते पाण्यात उतरले.

“अहो,” आई म्हणाल्या, “थंड आहे.”

“दिसतंय.” पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आले. ते माझ्याजवळ आले, खिशातून नकाशानविसाची पितळी पट्टी काढली, इंचाचे आठ सूत दाखवणारी, आणि माझ्या कडेला लावली. वाकून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून, त्यांनी पहिला कोपरा पाहिला. मग दुसरा. राजू समोरच्या धुक्याकडे बघत होती, खाली नाही. लाटा उठू नयेत म्हणून नाना पाय घासत घासत माझ्याभोवती फिरले. तिसरा. चौथ्या कोपऱ्याशी ते जरा जास्त वेळ थांबले.

मग त्यांनी पट्टीवर अंगठ्याचे नख धरले आणि पट्टी वर करून सगळ्यांना दाखवली.

चारही कोपऱ्यांवर, पाण्याच्या वर, एक सूत.